जुना ठिपका लेकीकडेच का जातो?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी तुम्ही बेकरीच्या यीस्टमध्ये एसपीसी४२ या प्रथिनाला लाल चमकणारं एमचेरी जोडलंत. विभागणाऱ्या पेशीत दोन लाल ठिपके दिसतात, एक आई-पेशीत राहतो, दुसरा बडमध्ये, म्हणजे आईच्या अंगावर फुटणाऱ्या लेक-पेशीच्या कोंबात जातो. जो जास्त उजळ तो जुना, असं धरून तुम्ही शंभर पेशी मोजल्यात. साठांमध्ये उजळ ठिपका बडमध्ये निघाला, चाळिसांमध्ये आईकडे. गाइड म्हणतात, ‘जुना ठिपका नेहमी बडमध्ये जातो, हे पुस्तकात आहे, तुझं मोजणं चुकलंय.’ तुम्हाला दोन गोष्टी हव्या आहेत: चूक कुठे झाली, आणि जुनं कुठलं नि नवं कुठलं हे पेशीला मुळात कळतं कसं.

मी मुंबईत अठरा-एकोणीस वर्षं यीस्टच्या पेशी मायक्रोस्कोपखाली बघते आहे, आणि त्यातली बरीच वर्षं याच दोन ठिपक्यांमागे गेली. तुमच्या गाइडचं म्हणणं खरं आहे, फक्त त्यातला ‘नेहमी’ काढून टाका. तुमची मोजणीही प्रामाणिक आहे. पण तुम्ही ठिपक्याचं वय मोजलं असं मला वाटत नाही. वय सोडून दुसरंच काहीतरी मोजलं गेलंय. ते काय, हे तुमचा वाण, तुमचं तापमान आणि पेशी किती ताज्या बघितल्या यावर ठरेल, आणि यांतलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही. त्यामुळे मला ज्या शक्यता दिसतात त्या सगळ्या सांगते.

थोडं मागून सुरू करते. आपल्या पेशींमध्ये सेंट्रोसोम असतो, सूक्ष्मनलिका म्हणजे पेशीतले प्रथिनांचे दोरे जिथून निघतात ती जागा, आणि त्यात सेंट्रिओलची जोडी. यीस्टकडे सेंट्रिओल नाहीत. तेच काम तिथे स्पिंडल पोल बॉडी करते, आम्ही एसपीबी म्हणतो. ही एक चपटी, थरांची चकती आहे, केंद्रकाच्या आवरणात शर्टाच्या बटणासारखी रुतलेली. तुमचा प्रत्येक लाल ठिपका म्हणजे अशी एक चकती. यीस्टमध्ये विभाजनाच्या वेळी केंद्रकाचं आवरण विरघळत नाही, म्हणून या बटणाला दोन्ही बाजूंनी दोरे धरावे लागतात. आतल्या बाजूच्या सूक्ष्मनलिका गुणसूत्रं धरतात. दोन चकत्या आणि त्यांच्यामधले हे दोरे मिळून होतो तो स्पिंडल, आणि चकत्या म्हणजे त्याचे दोन ध्रुव. हॅप्लॉइड पेशीत, म्हणजे जिच्यात गुणसूत्रांचा एकच संच असतो तिच्यात, गुणसूत्रं १६, आणि प्रत्येकाला प्रत्येक ध्रुवाकडून एकच सूक्ष्मनलिका. बाहेरच्या बाजूला, पेशीद्रवात, जेमतेम दोन-चार सूक्ष्मनलिका असतात. वाटणीचं सगळं राजकारण या दोन-चार बाहेरच्या नलिकांवर चालतं.

डीएनएची नक्कल होते तेव्हा प्रत्येक प्रतीत एक धागा जुना आणि एक नवा असतो. एसपीबीचं तसं नाही. जुनी चकती आपल्या जागी तशीच राहते आणि शेजारी नवी बांधली जाते. जी१ अवस्थेत, म्हणजे पेशीचक्राच्या सुरुवातीला, जुन्या चकतीच्या कडेला एक ‘अर्धा पूल’ असतो. त्यात एसएफआय१ नावाच्या प्रथिनाच्या लांबट काड्या एकमेकींशेजारी उभ्या असतात आणि त्यांच्यावर सीडीसी३१ बसलेलं असतं, म्हणजे यीस्टचं सेंट्रिन. या काड्यांच्या टोकाला टोक लावून काड्यांची दुसरी रांग बसते, आणि पुलाच्या त्या पलीकडच्या टोकावर नव्या चकतीचं बी पडतं. ते वाढतं, केंद्रकाच्या आवरणात रुततं, मग पूल तुटतो आणि दोन्ही चकत्या समोरासमोर जातात. म्हणजे पेशीत एक खरी जुनी आणि एक खरी नवी चकती असते. काही प्रथिनं, उदाहरणार्थ एसपीसी११०, जुन्या चकतीतही अधूनमधून बदलली जातात, पण एसपीसी४२ हा गाभ्यातला थर बराच टिकाऊ आहे. वय बघायला तुम्ही प्रथिन बरोबर निवडलंत, एवढं आधी सांगून ठेवते.

वर्गात मी याला पाटल्यांची वाटणी म्हणते. लेक सासरी जाताना आईने स्वतःच्या हातातल्या जुन्या, जड पाटल्या काढून तिला द्याव्यात आणि आपल्यासाठी नव्या करून घ्याव्यात, तसं यीस्ट करतं. जुनी एसपीबी लेकीला, नवी आईला. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हे उलटं वाटलं होतं.

आता तुमच्या साठ-चाळीसकडे येते.

हे निरीक्षण ठळकपणे मांडलं गेलं २००१ मध्ये, एल्मार शीबेल यांच्या गटाच्या कामातून. त्यांनीही एसपीसी४२ लाच लाल रंग जोडला होता. पण तो लाल रंग म्हणजे जुनं डीएसरेड, आणि ते पिकायला फार वेळ घेतं. प्रथिन तयार झालं तरी त्यातला रंग उमलायला कित्येक तास लागतात. त्यामुळे नुकत्याच बांधलेल्या चकतीत प्रथिन असलं तरी ती लाल दिसत नाही, किंवा अगदी फिकी दिसते. आधीच्या पिढीत बांधलेली चकती तोवर पिकलेली असते. डीएसरेडचा हा आळस एरवी दोष समजला जातो, पण इथे त्याचंच घड्याळ झालं. नंतर लोकांनी त्याच प्रथिनात बदल करत करत झटपट पिकणारे लाल रंग बनवले, एमचेरी त्यांतलंच एक. एमचेरी पाऊण तासाच्या आत पिकतं, परिस्थिती चांगली असेल तर त्याहून लवकर. ३० अंशांवर, भरपूर अन्नात तुमच्या यीस्टचं एक चक्र साधारण दीड तासाचं असतं. नवी चकती बांधली जाते जी१ मध्ये, आणि तुम्ही मोजता ती अ‍ॅनाफेजमध्ये, गुणसूत्रं दोन बाजूंना ओढली जात असतात तेव्हा. तोपर्यंत नव्या चकतीतलं एमचेरीही बऱ्यापैकी पिकून तयार असतं.

म्हणजे तुम्ही ‘उजळ’ म्हणून जे मोजलंत त्यात वयाचा अंश थोडा आणि बाकी गोंधळ जास्त. गोंधळातला मोठा वाटा फोकसचा. पेशी पाचेक मायक्रॉनची, आणि दोन ठिपके क्वचितच एका पातळीवर येतात. जो ठिपका जरा वर किंवा खाली असेल तो फिका दिसणार. एकाच पातळीचा फोटो घेतला असेल तर तुम्ही वयाऐवजी खोली मोजलीत. झेड-स्टॅक घ्या, म्हणजे वरपासून खालपर्यंत एकेका पातळीचे फोटो, सगळ्या पातळ्यांची बेरीज करा, आणि प्रत्येक ठिपक्याच्या शेजारची पार्श्वभूमी वजा करा. नुसत्या डोळ्यांनी ठरवू नका. आपला डोळा बडमधल्या ठिपक्याला उगाच जास्त मार्क देतो, कारण उत्तर काय यायला हवं ते आपल्याला आधीच माहीत असतं. मी प्रतिमांची नावं बदलून दुसऱ्या कुणाकडून मोजून घेते. तेही जमत नसेल तर निदान बडची बाजू झाकून ठिपक्यांना आकडे द्या, मग उघडा.

आणखी एक, तुमचा वाण डब्ल्यू३०३ आहे का? त्यात एडीई२ जनुक बिघडलेलं असतं, आणि अ‍ॅडेनिन कमी पडलं की व्हॅक्युओलमध्ये, म्हणजे पेशीतल्या साठवणीच्या पिशवीत, लालसर द्रव्य साठतं, जे लाल चॅनेलमध्ये मस्त चमकतं. बऱ्याच मुलांनी त्यालाच ठिपके समजून मोजलेलं मी पाहिलंय. माध्यमात जादा अ‍ॅडेनिन घाला आणि टॅग, म्हणजे जोडलेला रंग, नसलेला वाण शेजारी ठेवून बघा.

आकडेमोडीचंही बोलून टाकते. शंभर पेशींत साठ, म्हणजे खरा आकडा ५० ते ७० टक्क्यांमध्ये कुठेही असू शकतो. ‘नाणेफेकीपेक्षा जरासं वेगळं’ यापलीकडे त्यातून काही म्हणता येत नाही. २००१ च्या त्या पद्धतीने साध्या, निरोगी पेशी मोजल्या तर दहातल्या नऊहून जास्त पेशींत जुना ठिपका बडमध्ये सापडतो. उरलेल्या थोड्या पेशींमध्ये उलटं होतं आणि त्याही जिवंत असतात, आनंदाने पुढे विभागतात. म्हणून ‘नेहमी’ नको म्हटलं. पण साठ आणि नव्वद यांच्यातली एवढी दरी पेशीने निर्माण केलेली नाही, ती रंगाने केली.

मग काय वापरायचं? एक तर तो आळशी डीएसरेड. जुन्या लॅबमध्ये त्याचा प्लाझ्मिड, म्हणजे ते जनुक वाहणारं डीएनएचं कडं, कुणाकडे तरी असतोच, विचारून बघा. दुसरं म्हणजे टॅग बदलण्याची पद्धत, जिला राइट म्हणतात. त्यात रिकॉम्बिनेजने, म्हणजे डीएनए कापून जोडणाऱ्या प्रथिनाने, जनुकावरचा हिरवा टॅग कापला जातो आणि त्या जागी लाल बसतो. बदलाच्या क्षणाआधी बांधलेलं सगळं हिरवं राहतं, नंतरचं लाल. हे सगळ्यात स्वच्छ, पण वाण बनवायला महिने जातात, आणि तुमच्याकडे एक सत्र उरलंय असं दिसतं. तिसरा मार्ग बरेच जण सुचवतील: एसपीसी४२ गॅलॅक्टोजच्या प्रमोटरखाली, म्हणजे गॅलॅक्टोज दिल्यावर जनुक चालू करणाऱ्या तुकड्याखाली ठेवा, थोडा वेळ चालू करा, ग्लुकोज देऊन बंद करा. हा मार्ग जपून. एसपीसी४२ जास्त झालं की ते एसपीबीच्या कडेने स्फटिकासारखं पसरत जातं आणि भलामोठा थर तयार होतो. तुम्हाला दोन ठिपके दिसायचे सोडून फुगलेलं काहीतरी दिसेल. चौथी गोष्ट सगळ्यांना लागू: पेशी ताज्या बघा. हे रंग पिकायला प्राणवायू लागतो आणि वेळ लागतो. न फिक्स केलेल्या, म्हणजे रसायनाने आहे तशा थांबवून न ठेवलेल्या पेशी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून सकाळी बघितल्यात तर नवा ठिपकाही रात्रीत पिकून बसतो, आणि तुमचं घड्याळ बंद पडतं.

आता तापमान, आणि यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण इथे मी स्वतः भाजून निघाले आहे. परदेशी प्रोटोकॉलमध्ये ‘रूम टेंपरेचर’ लिहिलेलं असतं. ते २२-२३ अंश गृहीत धरतात. मुंबईत मे महिन्यात एसी बंद असलेल्या खोलीत ३३-३४ अंश सहज होतात, आणि पावसाळ्यात आकडा खाली आला तरी ओलीमुळे स्लाइडच्या कडांवरची गणितं बदलतात ती वेगळीच. या विषयात बरेचसे म्युटंट तापमान-संवेदनशील असतात: सीडीसी१५-२, डीबीएफ२-२ वगैरे. २३-२५ वर ते नीट चालतात आणि ३७ वर पूर्ण बंद पडतात. मधल्या तापमानाला अर्धवट चालतात, आणि तो अर्धवटपणा सगळ्यात घातक, कारण पेशी मरत नाहीत, दिसायला ठीक असतात, फक्त वाटणी बिघडलेली असते. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत एका रविवारी मेगाब्लॉक होता. मी कल्चर शनिवारी रात्री बाकावर ठेवून गेले, म्हटलं सकाळी साडेआठला येते. पोचायला दुपार झाली, आणि त्या सबंध वेळात आमच्या मजल्याचा एसी बंद होता. मी ‘२५ अंशांवर वाढवलेल्या’ म्हणून त्या पेशी मोजल्या, ‘नियंत्रण’ म्हणून वहीत लिहिल्या, आणि तीन महिने आमचं नियंत्रणच म्युटंटसारखं वागतंय म्हणून डोकं फोडत बसले. शेवटी एका तंत्रज्ञ काकांनी विचारलं, ‘मॅडम, त्या दिवशी एसी होता का?’ तेव्हापासून माझ्या बाकावर पाण्याच्या बीकरमध्ये थर्मामीटर असतो आणि वहीत तारखेशेजारी तापमान. तुमचा वाण साधा असेल तर एवढं भिण्याचं कारण नाही. पण पुढे म्युटंट घेणार असाल तर हे आजच लावून घ्या.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे, पेशीला कळतं कसं. इथे उत्तर तीन टप्प्यांत घडत गेलंय, आणि मला ते त्याच क्रमाने सांगायला आवडतं, कारण आधीचं प्रत्येक उत्तर खोटं ठरलं नाही, फक्त अपुरं निघालं.

पहिलं उत्तर असं होतं की जुन्या चकतीकडे आधीपासून दोर असतात. नवी चकती तयार होत असते तेव्हा जुनीच्या बाहेरच्या सूक्ष्मनलिका पेशीत फिरत असतात, बड जिथे फुटणार ती जागा चाचपत असतात. नवी तिच्या स्वतःच्या नलिका उशिरा उभारते. आधी पोचला त्याला खिडकीची जागा, विरार लोकलचा साधा नियम. २००१ च्या त्या कामातच याचा पुरावा होता: औषध देऊन सूक्ष्मनलिका थोडा वेळ मोडून टाकल्या आणि पुन्हा वाढू दिल्या, तर कुठली चकती बडमध्ये जाणार हे नाणेफेकीवर गेलं. दोन्ही चकत्यांना शर्यत एकाच रेषेवरून सुरू करायला लावली की जुनेपणाचा फायदा संपला. म्हणजे वय हा एसपीबीच्या अंगी चिकटलेला अटळ गुण नाही. वयामुळे मिळणारी आघाडी महत्त्वाची, आणि ती आघाडी बाहेरच्या नलिकांमधून मिळते.

दुसरं उत्तर २००३ च्या आसपास आलं, आणि त्याचा नायक कार९. हे प्रथिन सूक्ष्मनलिकेच्या वाढत्या टोकावर बसतं. तिथे त्याला बिम१ धरून ठेवतं, जे आपल्याकडच्या ईबी१ चं यीस्टमधलं भावंड. कार९ चं दुसरं टोक मायो२ या मायोसिनला, म्हणजे पेशीतल्या हमाल प्रथिनाला पकडतं. मायो२ अ‍ॅक्टिनच्या तारांवरून बडकडे चालत असतं, सामान वाहत असतं, आणि कार९ मार्फत सूक्ष्मनलिकेचं टोकही ओढत नेतं. त्यामागे चकती, चकतीमागे केंद्रक. डिमिट्रिस लियाकोपुलोस आणि इव्ह बाराल यांच्या गटाने दाखवलं की कार९ दोन्ही ध्रुवांवर सारखं बसत नाही, एकाच बाजूला गोळा होतं, आणि ती बाजू बडकडची. किनेज म्हणजे दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेट लावणारं प्रथिन. सायक्लिन-अवलंबी किनेज सीडीसी२८ कार९ वर फॉस्फेट लावतं आणि त्यामुळे ते दुसऱ्या ध्रुवावर जमत नाही. हे झालं नसतं आणि दोन्ही ध्रुवांवर कार९ बसलं असतं, तर मायो२ ने दोन्ही टोकं बडकडेच ओढली असती. स्पिंडल मानेत, म्हणजे आई आणि बड यांच्यामधल्या अरुंद जागेत, आडवा अडकला असता, वाटणी राहिली बाजूला.

इथे एक गल्लत हमखास होते, म्हणून थांबते. कार९ एकाच ध्रुवावर का बसतं, हा एक प्रश्न. तो ध्रुव जुनाच का असतो, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मिळालं म्हणून दुसऱ्याचं मिळालं असं होत नाही. अनेक म्युटंटमध्ये नेमकं असं दिसतं की स्पिंडल अगदी सरळ रेषेत आहे, एक टोक बडमध्ये, एक आईत, पेशी खूश. फक्त बडमध्ये गेलेलं टोक कधी जुनं, कधी नवं. दिशा ठीक, ओळख गेलेली. तुम्ही पुढे म्युटंट मोजाल तेव्हा हे दोन आकडे वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. दोन्ही एकात कालवून ठेवलेले प्रबंध मी तपासले आहेत, आणि त्यातून काही काढणं अशक्य असतं.

तिसरं उत्तर ओळखीचं. मायटॉटिक एक्झिट नेटवर्क, एमईएन, हे नाव तुम्ही पेशीचक्राच्या शेवटच्या प्रकरणात वाचलं असेल. स्पिंडल लांबून झाला, एक टोक बडमध्ये पोचलं, की हे जाळं पेशीला विभाजनातून बाहेर काढतं. बरीच वर्षं सगळ्यांना वाटायचं, याचं काम तेवढंच, शेवटी. २०१२ मध्ये बाराल यांच्या गटाने दाखवलं की हेच जाळं मेटाफेजमध्येही, म्हणजे गुणसूत्रं वेगळी होण्याआधीच, कामाला असतं. त्यातली डीबीएफ२ आणि डीबीएफ२० ही किनेज कार९ वर फॉस्फेट लावतात, आणि त्यांच्याशिवाय जुनी कुठली नि नवी कुठली हा भेद विस्कटतो. मग प्रश्न एक पायरी मागे सरकला: या जाळ्याला जुनी चकती कशी कळते? २०१७ मध्ये त्याच गटाकडून पुढचा दुवा आला. चकतीच्या बाहेरच्या थरात नड१ नावाचं प्रथिन असतं, एमईएनची माणसं जिथे येऊन बसतात तो ओटा म्हणा. स्वी१ हे किनेज (यीस्टचं वी१), किन३ आणि न्यूए४ हे अ‍ॅसिटिल बसवणारं संकुल, ही मंडळी नड१ मार्फत दोन चकत्यांमध्ये भेद निर्माण करतात. स्वी१ नसेल तर पेशी जगते, वाढते, पण जुनं-नवं कळेनासं होतं.

स्वी१ बद्दल मला विशेष कौतुक आहे. वी१ म्हणजे पेशीने पुरेसं मोठं झाल्याशिवाय विभागू नये म्हणून रोखून धरणारा पहारेकरी, असं आपण शिकवतो. त्याच पहारेकऱ्याकडे घरातल्या वस्तूंवर खुणा करायचंही काम असेल असं कुणाला वाटलं होतं?

इथवरचं एका दमात सांगायचं तर: चकतीचं वय नड१ वर खूण होऊन उमटतं, ती खूण एमईएन वाचतं, एमईएन कार९ ला बाजू दाखवतं, कार९ मायो२ ला दोर देतं, आणि बाहेरच्या सूक्ष्मनलिकांना आधीपासून असलेली आघाडी हे सगळं सोपं करते. यात ‘वय मोजणारं’ असं एकही प्रथिन नाही. वर्गात विद्यार्थी तेच शोधत बसतात.

अजून एक फरक इथे डोक्यात पक्का करा, परीक्षेतही विचारतात. विभाजनाच्या अखेरीस एसपीबीवर दुसरी एक असमानता दिसते. बीएफए१ आणि बब२ ही जोडी बडमध्ये जाणाऱ्या चकतीवर ठळक दिसते. हिचं काम टेम१ या जीटीपेजला, म्हणजे एमईएन चालू करणाऱ्या बटणाला, दाबून ठेवायचं. स्पिंडलचं टोक बडमध्ये पोचलं की तिथलं एलटीई१ भेटतं आणि टेम१ सुटतं, आईच्या बाजूला मात्र ते सुटू नये म्हणून किन४ पहाऱ्यावर असतं. टोक बडमध्ये पोचलं नसेल तर टेम१ सुटत नाही आणि पेशी थांबते. ही तपासणी जागेची आहे, वयाची नाही. नवी चकती बडमध्ये गेली तरी ही तपासणी तिला पास करते. म्हणून तर वाटणी उलटी झालेल्या पेशी मरत नाहीत. बीएफए१ चा हिरवा ठिपका बघून ‘हा जुना’ असं लिहू नका. तो फक्त ‘हा बडकडचा’ एवढंच सांगतो.

मग पेशी एवढी यातायात का करते, उलटं झालं तरी चालतंय तर? या प्रश्नावर बरीच वर्षं आम्ही खांदे उडवत होतो. यीस्टची आई-पेशी साधारण पंचवीसेक लेकींना जन्म देते आणि मग म्हातारी होऊन थांबते. लेक मात्र दर वेळी नव्याने सुरुवात करते, आईचं म्हातारपण तिला मिळत नाही. बिघडलेल्या प्रथिनांच्या गुठळ्या, एचएसपी१०४ ज्यांना चिकटलेलं असतं त्या, आईकडे राहतात. चांगली मायटोकॉन्ड्रिया लेकीकडे जातात. २०१९ मध्ये स्पेनमधल्या एका गटाने असा वाण बनवला की ज्यात चकत्यांची वाटणी कायमच उलटी होते: नवी लेकीला, जुनी आईला. या पेशी विभागत राहतात. पण त्यांच्यात मायटोकॉन्ड्रियाची आणि त्या गुठळ्यांची वाटणी बिघडली, आणि आयुष्य, म्हणजे आई किती लेकींना जन्म देते तो आकडा, घटला. चकतीच्या वाटणीचा बाकीच्या सामानाशी नेमका कुठल्या दोऱ्याने संबंध आहे, यावर मी इथे तर्क लढवत बसणार नाही. पण एका रात्रीच्या कल्चरमध्ये जो दोष दिसत नाही तो पंचवीस पिढ्यांत दिसतो, एवढं त्यातून घ्या. तुमचा वाढीचा आलेख म्युटंट आणि साधा वाण यांच्यात फरक दाखवणार नाही, आणि त्यावरून ‘परिणाम नाही’ असं लिहिलंत तर परीक्षक तुम्हाला तिथेच पकडतील.

शेवटी पाटल्यांच्या उदाहरणाची मर्यादा. ‘जुनं लेकीला’ हा सजीवांचा कायदा नाही. फळमाशीच्या नराच्या वृषणातल्या स्टेम पेशी जुना सेंट्रोसोम स्वतःकडे ठेवतात, हे २००७ मध्ये दाखवलं गेलं. उंदराच्या विकसित होणाऱ्या मेंदूतही जुना सेंट्रोसोम स्टेमसारख्या पेशीकडेच राहतो, ते २००९ मधलं. पण त्याच फळमाशीच्या मेंदूतल्या न्यूरोब्लास्ट पेशी, म्हणजे तिथल्या स्टेम पेशी, नवा सेंट्रोसोम स्वतःकडे ठेवतात आणि जुना लेकीकडे सोडतात, आपल्या यीस्टसारखं. एकाच माशीच्या अंगात दोन घराणी, दोन रीती. आणि आपल्या यीस्टचा दूरचा नातलग, आफ्रिकेतल्या बाजरीच्या बिअरमध्ये सापडलेलं फिशन यीस्ट, समान दोन तुकडे करतं, बडच नाही, तरी त्याच्याही दोन ध्रुवांत फरक असतो. एमईएनला समांतर असलेलं त्याचं जाळं शेवटी नव्या एसपीबीवर जागं होतं. म्हणून प्रबंधाच्या प्रस्तावनेत ‘जुना सेंट्रोसोम नेहमी अमुक पेशीला मिळतो’ असं वाक्य लिहिलं असेल तर खोडा. कुठल्या जिवात, कुठल्या पेशीत, हे लिहिल्याशिवाय ते वाक्य उभं राहत नाही.

आता गाइडकडे जाताना साठ-चाळीसचा आकडा लपवू नका, तो घेऊनच जा. सोबत त्याच वाणाचा झेड-स्टॅक, टॅग नसलेल्या वाणाचा फोटो आणि वहीतलं तापमान न्या. म्हणा, एमचेरी वेगाने पिकतं म्हणून हा आकडा वयाचा धरता येत नाही, मला डीएसरेडचा वाण हवाय. मिळाला की आधी नुसता वाइल्ड टाइप, म्हणजे साधा वाण मोजा, किमान दोनशे पेशी, फक्त अशा की ज्यांत एक ठिपका स्पष्ट बडच्या आत आहे. मेटाफेजमधल्या, मानेपाशी रेंगाळणाऱ्या स्पिंडल सोडून द्या, त्यांचा निर्णय अजून व्हायचा असतो. शेजारी एक बॅच नोकोडाझोल, म्हणजे सूक्ष्मनलिका मोडणारं औषध, देऊन धुतलेली ठेवा. वाइल्ड टाइप नव्वदच्या वर आणि ती बॅच पन्नासच्या आसपास, असे दोन आकडे एकाच दिवशी एकाच मायक्रोस्कोपवर आले, की मगच म्युटंटची ट्यूब फ्रीझरमधून काढा.